सोळावा नट

"पण उस्ताद, पाचशेचं घेऊ, की सातशेचं?"

उस्तादांनी उत्तर दिलं नाही. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं ते एक जुना नट पुसत होते. पुसायचा, उन्हात धरून आतले आटे बघायचे, पुन्हा पुसायचा.

शेणोलीकर सरांना वाटलं, ऐकू गेलं नसावं. म्हातारा माणूस. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात ठोकाठोकी ऐकलेली. कान गेले असतील.

"न्यूटन मीटर म्हणतोय मी," सर आवाज चढवून म्हणाले. "म्हणजे पिळाचं माप. ताकद."

"ऐकतोय न्हवं," उस्ताद म्हणाले. "बसा की."

सर बसले नाहीत. बसायला एक पालथा टायर होता, आणि पॉलिटेक्निकात एकतीस वर्षं यंत्र विभागात शिकवून निवृत्त झालेला माणूस पालथ्या टायरवर सहसा बसत नाही.

मलकापूर सोडून आंबा घाटाच्या रस्त्याला लागलं की चिंचेखाली ही पत्र्याची शेड दिसते. पाटी नाही. दस्तगीर मुल्लाणी हे उस्तादांचं पूर्ण नाव पेन्शनच्या कागदाशिवाय कुठे लिहिलेलं नसावं. घाट उतरणारे ड्रायव्हर इथे थांबतात, चाकं दाखवतात, चहा पितात आणि जातात. सरांचा एक जुना विद्यार्थी हल्ली एका डेपोचा मॅनेजर आहे. तो सरांना म्हणाला होता, "हत्याराचं विचारायचं तर उस्तादांना विचारा. मात्र ते सांगतीलच असं नाही."

सरांनी वाक्याचा पहिला अर्धा भागच ऐकला होता.

त्यांनी वही उघडली. वहीत अकरा यंत्रांचा तक्ता होता, पट्टीनं आखलेला. सगळी बॅटरीवर चालणारी, नट आवळायची आणि खोलायची यंत्रं. पुस्तकात त्यांना इम्पॅक्ट रेंच म्हणतात, गॅरेजवाले गन म्हणतात.

"हे बघा. हे ब्रशलेस मोटरचं. वजन दीड किलो, पण ताकद तीनशेच. हे सातशेचं. खोलताना हजार देतं असं लिहिलंय, पण हात भरून येतो. आणि हे मधलं, पाचशेचं, याची बॅटरी मात्र..."

"कशाला पायजे?"

"नट खोलायला."

"कुठला?"

"मागच्या उजव्या चाकाचा. चौथा."

उस्तादांनी हातातला नट डब्यात टाकला. डबा नट-बोल्टांनी अर्धा भरलेला होता.

"एका नटासाठी अकरा मशिनी बघितलासा?"

सरांना हे आवडलं नाही. पण काम आपलं होतं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

"आत्ता काय हाय तुमच्याजवळ?"

सर गाडीकडे गेले. गाडी लहान, लाल, चिंचेच्या सावलीत उभी होती. मागच्या सीटवर वळकटी, गॅसची लहान शेगडी आणि पुस्तकांची दोन खोकी. पुढे डाव्या सीटवर त्यांची मुलगी ऋजुता बसली होती. डॉक्टर होऊन तिला वर्ष झालं होतं. उद्या सोमवारी तिला घाटाखालच्या एका आरोग्य केंद्रात रुजू व्हायचं होतं. केंद्राखाली डोंगरातल्या नऊ वाड्या होत्या आणि वाड्यांना जायला दिवसातून एक बस होती, तीही यायची असली तर.

गाडी ऋजुताच्या नावावर होती. किल्ली मात्र सरांच्या खिशात होती.

तिला गाडी चालवता येत नव्हती असं नाही. लायसन मिळून सहा वर्षं झाली होती. पण सर बरोबर असले की सरच चालवत, आणि सर बहुतेक वेळा बरोबर असत. निघताना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "चारही चाकांचं माझं समाधान झालं तर गाडी तुझ्याकडे ठेवीन. नाहीतर तुला सोडून गाडी परत आणीन." घरातल्या लोकांना सरांचं समाधान कधी होतं हे माहीत होतं.

"बाबा, किती वेळ लागेल?" तिनं काच खाली करून विचारलं.

"तू बस. हे तुझं काम नाही."

त्यांनी डिकीतून पेटी आणली. पेटीत तीनशे न्यूटन मीटरचं यंत्र होतं, नवंकोरं दिसणारं. अंगावर हळदीकुंकवाचं बोट अजून शाबूत होतं.

"पूजा केलासा जनू," उस्ताद म्हणाले.

"खंडेनवमीला. सगळ्याच हत्यारांची करतो."

"लई हत्यारं हाईत?"

"आहेत," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा सैल झाले. "जॅक दोन, स्टँड चार, गोटी-पान्यांचा पूर्ण सेट, ब्रेकचा पिस्टन मागे दाबायचं हत्यार, कोनात चालणारा ग्राइंडर... सोसायटीनं हरकत घेतली म्हणून आता पार्किंगमध्ये रविवारीच काम करतो."

"गाडी एकच?"

"एकच."

उस्ताद हसले नाहीत. त्यामुळे सरांना ते हसतायत की काय, हे कळेना.

हे सगळं सुरू झालं त्याला कारण होतं. मागच्या वर्षी शहरातल्या एका गॅरेजमधून गाडी आणली आणि त्याच दिवशी सर बायकोला घेऊन गारगोटीकडे लग्नाला निघाले. अर्ध्या वाटेत स्टिअरिंग थरथरायला लागलं. उतरून बघतात तर पुढच्या चाकाचे चारपैकी तीन नट बोटानं फिरत होते. काही झालं नाही. लग्नाला वेळेवर पोचलेसुद्धा. पण पंगतीत सरांच्या हातून मठ्ठा पानात सांडला, तो त्यांच्या बायकोनं पाहिला. त्या दिवसापासून गाडीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सरांनी ताक प्यायचंच सोडलं होतं.

"या मशिनीनं काय केलासा?" उस्तादांनी विचारलं.

"चारही चाकं बसवली. पंधरा दिवसांपूर्वी. माझ्या हातानं. सोळाच्या सोळा नट."

"किती आवळलासा?"

"पूर्ण. यंत्र पुढे जायचं थांबेपर्यंत. आणि वर आणखी तीन सेकंद."

"ती तीन शेकंद कशाची?"

"खात्रीची," सर म्हणाले.

उस्तादांनी मान हलवली. कशाला हलवली ते कळलं नाही.

"आज सकाळी निघण्यापूर्वी ब्रेक बघावेत म्हणून मागचं उजवं चाक खोलायला घेतलं. तीन नट निघाले, तेही हिसके देत. चौथा हलेना. यंत्र नुसतं कडकडकडकड करतंय, नट जागचा हलत नाही. ते तीन पुन्हा तसेच आवळून टाकले आणि निघालो. तेव्हा प्रश्न सरळ आहे, उस्ताद. यंत्र कमी पडतंय. मोठं कोणतं घ्यावं?"

"म्हंजे तुमी आवळलेलं तुमच्यानंच खोलंना."

"...यंत्र कमी पडतंय."

"त्येच म्हनतोय."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली.

उस्तादांनी यंत्र हातात घेतलं. वजन जोखलं, उलटं केलं. मग अंगठ्यानं खटका दाबून खालची बॅटरी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आता खोला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"घाटात बॅटरी उतरली. आता खोला."

सर हसले. या प्रश्नाची तयारी त्यांच्याकडे होती. "दुसरी आहे. कायम चार्ज करून ठेवलेली असते."

त्यांनी पेटीतल्या खणातून ती काढून दाखवली. उस्तादांनी हात पुढे केला. सरांना वाटलं, बघायला मागतायत. त्यांनी दिली.

उस्तादांनी ती दुसऱ्या खिशात टाकली.

...

"गाडी कोन चालवनार?" उस्तादांनी विचारलं.

"आत्ता मी."

"उद्या?"

सर थांबले. "...मुलगी. बहुतेक."

"बोलवा की त्यास्नी."

"तिला यातलं काही समजत नाही."

"म्हनूनच."

बोलवायची गरज पडली नाही. काच खालीच होती आणि ऋजुतानं सगळं ऐकलं होतं. ती उतरून आली.

"डाक्टरीनबाई, गाडीचा पाना कुठं आसतोय, ठावं हाय?"

"डिकीत असेल."

"काडा."

तिनं डिकी उघडली, आतला गालिचा उचलला. स्टेपनीच्या पोटात गाडीबरोबर आलेली पिशवी होती. जॅक, दांडी आणि चाकाचा पाना. पाना अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये होता. चार वर्षांत तो कुणी काढला नव्हता. सरांकडे त्याहून चांगले सात पाने होते, सगळे घरी.

तिनं प्लॅस्टिक फाडलं.

"मागलं उजवं चाक. चौथा ऱ्हाऊ द्या. कुठलाबी खोला."

ऋजुतानं पाना एका नटावर बसवला आणि रेटला. हलला नाही. दोन्ही हातांनी रेटला. मग चप्पल काढली, चिंचेच्या बुंध्याला हात टेकला आणि पान्याच्या दांडीवर एक पाय देऊन उभी राहिली. पंचावन्न किलोची मुलगी त्या दांडीवर फांदीवर बसल्यासारखी उभी होती आणि नट जसाच्या तसा.

"दुसरा बगा."

दुसरा हलला नाही.

"म्होरलं चाक."

पुढच्या चाकाचेही नाहीत. एकामागून एक ती सगळ्या चाकांवर फिरली. कपाळावर घाम आला, तळव्याला लाल वळ उठला. तक्रार तिनं केली नाही. शेवटच्या नटापाशी ती थांबली आणि पाना हातात धरून वडिलांकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं.

"दे इकडे," सर म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या. वय एकसष्ट, रोज सूर्यनमस्कार घालणारा माणूस. पाना लावला, श्वास रोखला आणि हिसका दिला. पाना नटावरून निसटला आणि बोटांची सालटं निघाली. ऋजुता पुढे झाली. त्यांनी तिला हातानंच थांबवलं आणि पुन्हा पाना लावला. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांच्या मानेवरची शीर दिसायला लागली, आणि मग ते थांबले.

चिंचेवर कुठेतरी भारद्वाज बोलत होता. एरवी तो दिसणं शुभ म्हणतात. सरांनी वर बघितलं नाही.

"आवळलं कुनी, सर?"

"मी."

"कुनासाठी?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तीन अक्षरांचं होतं आणि ते समोर अनवाणी उभं होतं.

"...हिच्यासाठी."

उस्ताद उठले, शेडच्या कोपऱ्यातून हातभर लांबीचा लोखंडी नळ आणला आणि सरांच्या पायाशी ठेवला. त्यांच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर होता, हवेवर चालणारी मोठी गन भिंतीला टांगलेली होती. सरांनी तिकडे नजर टाकली. उस्तादांनी ती नजर पाहिली आणि ते चहा ठेवायला वळले.

सरांनी नळ पान्याच्या दांडीवर चढवला. लांब दांडीला नट कधी नाही म्हणत नाहीत, हे ते दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर काढून शिकवत असत. त्यांनी रेटलं. नट केकाटला आणि हलला.

एकेक करून पंधरा सैल झाले. दर नटाला तेच केकाटणं. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला मान वळवून बघत गेला. सरांचा शर्ट पाठीला चिकटला. मध्ये ऋजुता म्हणाली, "बाबा, मी घेऊ?" ते नको म्हणाले. आपण केलेलं आपणच उलट करावं असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. पण तेवढा दम राहिला नव्हता, म्हणून शेवटचे चार तिनं केले. नळ लावल्यावर तिलाही जमत होतं.

मागच्या उजव्या चाकाचा चौथा नट सरांनी स्वतःसाठी ठेवला होता. तो मात्र निघताना बोल्टाचे आटे घेऊनच निघाला. चांदीसारखी तार नटात गुंडाळून आली होती.

उस्तादांनी ती तार बोटावर घेतली आणि सरांच्या तळहातावर ठेवली.

"खात्री," ते म्हणाले.

सरांचा चेहरा पडला. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारले होते. आपल्या वहीवरचा शेरा असा हातात घेऊन उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

मग काम उस्तादांनी हातात घेतलं. चाक उतरवलं, आटे गेलेला बोल्ट ठोकून काढला, डब्यातून दुसरा नट-बोल्ट शोधला, तो घासला, पुसला आणि बसवला. अर्धा तास गेला. सर पालथ्या टायरवर कधी बसले ते त्यांनाही कळलं नाही. ऋजुतानं त्यांच्या बोटांना औषध लावून पट्टी बांधली.

"डाक्टरीनबाई," चाक परत चढवल्यावर उस्ताद म्हणाले, "जखमंला टाका घालतासा तवा दोरा किती वडतासा?"

"कडा एकमेकींना लागतील इतका."

"जरा जास्ती वडला तर? खात्रीला?"

"तर मधली कातडी मरते. रक्त पोचत नाही. जखम उलट उकलते."

"हां," उस्ताद म्हणाले आणि तिच्या हातात एक नट दिला. "लावा. पाना नगं. बोटानं."

तिनं नट बोल्टावर टेकवला. पहिल्यांदा वाकडा बसला.

"माघारी घ्या."

तिनं मागे घेतला, पुन्हा टेकवला. आता तो आपसूक फिरत गेला. बोटानं, शेवटपर्यंत.

"आता दुसरा. त्येच्या समोरचा. शेजारचा न्हाई."

एकेक चाक जॅकवर उचलून चारही चाकांचे नट तिनं काढले आणि असे बोटांनी बसवले. मग गाडीतल्याच पान्यानं, हाताच्या जोरावर आवळायला घेतले. उभी राहिली नाही, लटकली नाही. हात थांबला की ती थांबत होती. सर बघत होते. मधून मधून त्यांचे ओठ हलत, "अजून थोडं" असं म्हणायला, आणि उस्तादांकडे नजर गेली की मिटत.

"सर, पुस्तकात किती लिवलंय?"

"पंच्याऐंशी."

"मोजायचं हत्यार आसंल की तुमच्याजवळ."

होतं. निवृत्तीच्या दिवशी विभागानं भेट दिलेला टॉर्क रेंच, निळ्या मखमलीच्या पेटीत. हव्या त्या मापाला पीळ पोचला की टिक वाजून सांगणारा. तो सर नेहमी गाडीत बाळगत आणि कधी वापरत नसत, कारण त्याला वेळ लागतो आणि तो फार लवकर टिक म्हणतो असं त्यांना वाटे.

त्यांनी पंच्याऐंशी लावलं आणि पहिल्या नटावर चढवलं. इंचभर फिरला.

टिक.

दुसरा. जरासाच फिरला. टिक.

तिसऱ्याला जागेवरच. टिक.

सर खाली वाकलेले होते, म्हणून त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही. सातव्या-आठव्या नटापाशी ते एकदा थांबले, चष्मा काढून पुसला आणि पुढे गेले. त्यांना बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं. एकाच वेळी दोन्ही कसं वाटतं याचा त्यांनी विचार केला नाही.

पंधरा झाले. सोळाव्यावर हत्यार चढवणार इतक्यात उस्तादांनी त्यांचा हात धरला.

"ह्यो न्हाई."

"का?"

"माझ्या सेक्शनचा नेम हुता. टायरवाला समदे नट आवळनार, पन शेवटचा डायवरचा. गाडी डेपोभाईर काडायच्या आदी डायवरनं उतरायचं, गाडीतल्या पान्यानं त्यो नट सोताच्या हातानं खोलायचा आनि सोताच आवळायचा. खोलला न्हाई, तर गाडी भाईर न्हाई. मग सायब येऊ दे न्हाईतर सायबाचा बाप."

"ड्रायव्हर चिडत नसत?"

"शिव्या घालायचे. चौतीस वर्षं खाल्ल्या. पोट भरलं त्यावर."

उस्ताद ऋजुताकडे वळले नाहीत. नुसतं पाना तिच्या दिशेनं जमिनीवर सरकवला.

तिनं पाना घेतला, सोळाव्या नटावर लावला आणि रेटला.

नट उघडला. केकाटला नाही. इतका साधा उघडला की ती जराशी तोल जाऊन पुढे आली आणि हसली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसत होती. तिनं तो पूर्ण काढला, तळहातावर घेतला, बोटानं परत बसवला आणि आवळला. सरांनी टॉर्क रेंच पुढे केला.

"तूच बघ," ते म्हणाले.

टिक.

उस्तादांनी मघाचा चहा पुन्हा गरम केला. तिघांनी उभ्यानंच प्यायला. उस्तादांनी खिशातून दोन्ही बॅटऱ्या काढून यंत्राशेजारी ठेवल्या. सरांनी त्या पेटीत भरल्या, पेटी बंद केली आणि डिकीत ठेवायला गेले. पाना आता प्लॅस्टिकमध्ये नव्हता. तो त्यांनी पेटीच्या वर ठेवला, सहज हाताला येईल असा.

पैसे किती म्हणून विचारलं तर उस्ताद बोल्टाचे म्हणाले, तेवढेच घेतले.

"मशिन वाईट, असं तुमचं म्हणणं आहे का?" सरांनी विचारलं. आवाजात आता चढ नव्हता.

"मशिन कुठं वाईट? माझ्या भित्तीला टांगलीया की. खोलायला लई झ्याक. येळ वाचतोय, पाट वाचतीया."

"आणि आवळायला?"

उस्तादांनी ऐकलं नाही, किंवा या वेळी मुद्दाम ऐकलं नाही. ते कपबशा विसळत होते.

सरांनी नमस्कार केला. सवयीनं ते गाडीच्या उजव्या दारानं आत गेले, सीट मागे आहे ना ते तपासलं, आरसा नीट केला, पट्टा लावला आणि किल्ली फिरवली. ऋजुता डावीकडे बसली. तिचे हात अजून काळे होते. ते तिनं मांडीवर उताणे ठेवले होते, ड्रेसला लागू नयेत म्हणून. समोर रस्ता वळत वळत घाटाकडे जात होता.

सरांचा पाय क्लचवर गेला आणि तिथेच राहिला. शिक्षकाला प्रश्न अर्धा सोडून जाता येत नाही, आणि ज्या कामाला आले होते ते त्यांच्या हिशेबी अजून झालंच नव्हतं. त्यांनी काच खाली केली.

"उस्ताद... तरी पण. एक सांगाच. घ्यायचंच झालं, तर पाचशेचं पुरे, की सातशेचं घेऊ?"

उस्ताद हात पुसत खिडकीपाशी आले. वाकले. सरांच्या पलीकडे, डाव्या सीटवरच्या त्या काळ्या हातांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

...

"सर," ते म्हणाले, "उतरा. तिकडनं येऊन बसा."